घनचक्कर आणि उपमा

डोंगरावर जाण्यापूर्वी ज्या बैठका होतात, त्यांना माझा जाहीर विरोध आहे. डोंगराशी माझं भांडण नाही.

उदाहरणार्थ, घनचक्कर. हे विशेषण नव्हे, डोंगराचं नाव आहे. अकोले तालुक्यात, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या दरम्यानच्या रांगेत तो उभा आहे. मळलेली वाट सोडून, मुड्याकडून धारेधारेने तिथं जायचं, असा आमच्या मंडळींचा बेत. अडीच तासांच्या बैठकीत पावणेदोन तास कांदेपोहे की उपमा यावर जातात, पस्तीस मिनिटं टी-शर्टाच्या रंगावर. उरलेल्या दहा मिनिटांत कुणीतरी भीत भीत पाण्याचं काढतो. "मिळेल की हो वाटेत!" म्हणून सभा बरखास्त.

कुठून मिळेल? डोंगरावर पाणी असं वाटेत मिळत असतं, तर गडागडांवर कातळ फोडून टाकी खोदायची हौस कुणाला होती? धारेवरचा पाऊस दोन्ही अंगांनी दरीत उतरून जातो. मुदत ठेवीसारखा तो वर थांबत नाही. हिवाळ्यात उरतं ते वाळलेलं गवत. तेव्हा पाणी पाठीवरच न्यायचं. माणशी चार लिटर म्हणजे चार किलो. हे ओझं एकदा उचलून पाहिलं की उपम्याचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

"नकाशा आहे ना मोबाइलमध्ये!" हे दुसरं पालुपद. असू दे. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतात. आणि आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर: कातळकडा, मग गवताळ पदर, पुन्हा कडा. पंधरा मीटरचा उभा कडा, म्हणजे चांगली चार-पाच मजली इमारत, दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपून बसते. नकाशावर तिथं कोरा कागद दिसतो. प्रत्यक्षात पुढचं पाऊल टाकायला जागा नसते.

वेळेचा हिशेब तर विचारूच नका. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम सांगितला: तीन मैलांना एक तास, शिवाय चढाच्या दर दोन हजार फुटांना एक तास जादा. आमचे नियोजक तो छातीठोकपणे लावतात. पण नेस्मिथसाहेबांनी हा हिशेब काही कारवीच्या रानात बसून मांडलेला नाही. डोक्याइतक्या कारवीतून तासाला एक मैल पडला तरी पेढे वाटावेत. घसाऱ्यावर उतरायला तर चढण्याहून जास्त वेळ लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याच्याकडे ओव्हरड्राफ्टची सोय नाही.

मग अंधार पडतो. हे वरून बॅटऱ्या हलवतात. खाली कुमशेतला किंवा पाचनईला दिवसभर राबून जेवायला बसलेला कुणी गडी भाकर झाकून उठतो आणि ज्या नाळेतून गुरंही जात नाहीत, तिथून रात्री वर चढतो. त्याचा पाय घसरला तर? बैठकीत या माणसाच्या रात्रीचा हिशेब कुणी धरला होता? सकाळी त्यालाच वाटाड्या म्हणून घ्यायला सुचवलं, तेव्हा "आपण काय सहलीला आलोय?" म्हणून नाकं मुरडणारे हेच. दुसऱ्या दिवशी फोटोखाली 'थरार' असं लिहिलेलं असतं. भाकरीचा उल्लेख नसतो.

माझं मागणं फार नाही. हा मुलूख अभयारण्याचा, तेव्हा वनखात्याकडे आधी चौकशी करावी. दुपारी एकपर्यंत अमुक खिंड गाठली नाही तर मागे फिरायचं, हे कागदावर लिहून एक प्रत घरी आणि एक पायथ्याच्या वाडीत ठेवावी. "मग त्यात मजा काय राहिली?" असं आमच्यातले सर्वांत उत्साही सभासद (वय ५३) विचारतात. त्यांनी मजा खुशाल करावी, परतीची वेळ लिहून मग करावी. वाडीतला माणूस सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नये. टी-शर्टवाल्याशी कुठे करतो आपण?