पेन फ्रीजमध्ये, सुई कुठे?

पिंपरी-चिंचवडच्या दिघीतल्या एखाद्या घरात फ्रीजच्या दारात, लिंबांशेजारी टेरिपॅराटाइडचं पेन असतं. मणका पिचलेल्या सासूबाईंना सून रोज 20 मायक्रोग्रॅम मांडीत टोचते. नवं हाड घडवणारं हे संप्रेरक; अमेरिकेत त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली.

पण ते जपून वापरावं लागतं. तापमान 2 ते 8 अंश. गोठलं की फेकायचं. वापरायला काढलेलं पेन 28 दिवसांनी, थोडं उरलं तरी बाद. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून रुग्णाला बसवूनच टोचावं. उपचार साधारण दोन वर्षांपर्यंत. नंतर हाडं राखणारं दुसरं औषध घेतलं नाही, तर कमावलेली घनता ओसरते. हाडांचा कर्करोग किंवा हाडांवर किरणोपचार झाले असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

आणि रोजची वापरलेली सुई?

2016च्या घनकचरा नियमांनी ती घरगुती घातक कचरा ठरवली होती. सुक्या कचऱ्यात टाकली, तर घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात घुसू शकते. पेन विकणाऱ्या दुकानाने सोबत जाड डबा द्यावा, भरलेला परत घ्यावा. तो उचलण्याची सोय पिंपरी-चिंचवड महापालिकेने करावी. आणि पहिलं इंजेक्शन नर्ससमोर, सुनेच्याच हातून व्हावं.