पंखांच्या मोटारी : पुनरुज्जीवन नेमके कशाचे?

१/
सारसोळ्याच्या जेट्टीजवळ दोन पावसाळे उघड्यावर राहिलेली कोणतीही लोखंडी वस्तू पाहावी. खाडीचा खारा वारा आधी सांध्यांत शिरतो, मग रंगाखाली पसरतो आणि वर तांबूस डाग उमटेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. मागील धाग्यानंतर एका तरुण वाचकाने प्रश्न विचारला : पंखांच्या काळातील आलिशान अमेरिकन मोटारींपैकी पुनरुज्जीवनासाठी सर्वांत योग्य कोणती? कॅडिलॅक, इम्पीरियल की लिंकन? उत्तर देतो, मात्र हा वारा विसरून देता येणार नाही.

२/
प्रथम पंखांविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनरल मोटर्सचे हार्ली अर्ल आणि त्यांचे सहकारी यांनी लॉकहीडचे पी-३८ लाइटनिंग हे दुहेरी शेपटीचे लढाऊ विमान पाहिले. त्याची आठवण १९४८च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर लहानशा उंचवट्याच्या रूपाने उमटली. १९५७ मध्ये क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनर यांनी संपूर्ण गाडीच पंखांकडे झेपावणारी रेखली. त्याला उत्तर म्हणून आलेली १९५९ची कॅडिलॅक हे या स्पर्धेचे शिखर. १९६१च्या लिंकन कॉन्टिनेन्टलला पंख नव्हते आणि १९६५च्या मालिकेपासून कॅडिलॅकनेही ते टाकून दिले. एवढाच हा काळ, जेमतेम सतरा वर्षांचा.

३/
आता तुलना. १९५९ची कॅडिलॅक सुमारे ५.७ मीटर लांब, इंजिन ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे. त्या वर्षी सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या तयार झाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग अमेरिकेत आजही मिळतात; काही तर नव्याने घडवले जातात. तिचे दुखणे म्हणजे क्रोम. क्रोमची झळाळी एका थराची नसते. खाली तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा अतिशय पातळ पापुद्रा. त्यात सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी खारी हवा आत जाते. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग तर आतून फुगतात. ते घासून, भरून, पुन्हा तिन्ही थर चढवावे लागतात आणि हा खर्च इंजिनाच्या कामालाही मागे टाकू शकतो.

४/
१९५७ची इम्पीरियल अभियांत्रिकीच्या दृष्टीने या तिघींत मला सर्वांत रसपूर्ण वाटते. दारांच्या वक्राकार काचा अमेरिकेतील नियमित उत्पादनाच्या गाडीत प्रथम तिलाच लाभल्या. पुढच्या चाकांना स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळाचा भार पेलणारे पोलादी दांडे. ते ज्या आडव्या तुळईत अडकवलेले असतात तिच्यात चिखल आणि पाणी साचते. ती कुजली की गाडी पुढून बसते. शिवाय त्या वर्षी सुमारे ३७ हजारच इम्पीरियल निघाल्या. एक काच फुटली तर शोधात वर्ष जाते.

१९५८ ते १९६० या वर्षांच्या लिंकनला तर स्वतंत्र चॅसिसच नाही. एरवी गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. इथे पत्रा हाच गाडीचा कणा. खाडीकाठी राहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

५/
तर सरळ उत्तर कॅडिलॅक. पण मूळ प्रश्नच अमेरिकेतून उचललेला आहे, अशी माझी तक्रार आहे. तो मुंबईतून विचारला तर उत्तर बदलते.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवणारा कारखाना उभारला. फोर्डही मुंबईत होती. १९५३ मध्ये सरकारचे धोरण ठरले : ज्यांना भारतात टप्प्याटप्प्याने पूर्ण उत्पादन करायचे नाही, त्यांनी येथून जावे. दोन्ही कंपन्या गेल्या. म्हणजे अमेरिकेत पंख वाढू लागले तेव्हा मुंबईत त्यांच्यासाठी दार जवळजवळ बंद झाले होते. नंतर आलेल्या आलिशान गाड्या एकेकट्या आल्या : संस्थानिकांकडे, वकिलातींत, चित्रपटसृष्टीतील मंडळींकडे.

उरली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंद हिराचंद यांच्या या कंपनीने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो येथे जुळवल्या. सुकाणू उजवीकडे, इंजिन सहा सिलिंडरचे आणि साधे. त्याच घराण्यातील इंजिने डॉजच्या मालमोटारींतही असत. आमच्याकडच्या मेकॅनिकला ते डोळे मिटून उघडता येई. (त्या काळी खाडीवर वाशीचा पूल नव्हता आणि सारसोळे हे कोळी-आगरी गाव होते. कुर्ल्याची ती गाडी इथवर येण्यास रस्ताच नव्हता.)

६/
या गाड्यांचे पुढे काय झाले, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. मालकांनी मोठी पेट्रोल इंजिने काढली आणि त्या जागी पर्किन्सची किंवा मटाडोरची डिझेल इंजिने बसवली. आवाज मालमोटारीचा, चाल संथ. पण गाडी भंगारात गेली नाही. आपल्याकडे वाचलेल्या अनेक अमेरिकन गाड्या या अडाणी वाटणाऱ्या शस्त्रक्रियेमुळेच वाचल्या.

७/
आणि आज? जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून जुने वाहन, मूळ स्वरूपात, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ ही इंग्रजी अक्षरे. डिझेल इंजिनाची प्लायमाउथ या व्याख्येत बसत नाही. जी गाडी चाळीस वर्षे कष्टत राहिली ती अपात्र. जी बंगल्याच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झोपली ती पात्र.

नियमामागचे कारण मला मान्य आहे. अशी अट नसती तर जुन्या पाटीखाली नवी गाडी विकणाऱ्यांचे फावले असते. पण अटीचा परिणाम असा की पुनरुज्जीवन करणारा पहिल्याच दिवशी डिझेल इंजिन भंगारवाल्याला देतो, परदेशातून मूळ जातीचे इंजिन मागवतो आणि ती गाडी कारखान्यातून कालच निघाल्यासारखी दिसू लागते. मधली चाळीस वर्षे पुसली जातात. जुन्या देवळावरचा ऑइलपेंट खरवडताना खालचे मूळ काम सापडावे, हे ठीक; पण तो रंग कुणी, कधी दिला याची नोंद तरी आपण ठेवतो. मोटारीच्या बाबतीत तेवढेही होत नाही.

८/
म्हणून माझे मत असे : हाती पैसा असेल तर कॅडिलॅक जरूर करा, ती अमेरिकेतही शेकड्यांनी जपली जात आहे. कुर्ल्याची डॉज मात्र आपण जपली नाही तर कुणी जपणार नाही. मूळ इंजिन बसवायचेच असेल तर काढलेले डिझेल इंजिन गाडीसोबत ठेवा. त्याचे माउंटिंग कापू नका, छायाचित्रे घ्या. आणि एखादी तरी गाडी डिझेलसकट, तिच्या उशिराच्या वयात जशी होती तशीच राहू द्या.

९/
जाता जाता. सामान्य मुंबईकर कॅडिलॅकमध्ये कधी बसला नाही. पंखांच्या गाडीत मात्र रोज बसला. प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या मडगार्डांचे टोक निरखून पाहा : फियाट ११००च्या वारशातून आलेला तो किंचित उठाव त्याच लाटेचा शेवटचा तरंग आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

१०/
आपल्यापैकी कुणाच्या घरी आजोबांच्या डॉज वा प्लायमाउथचे नोंदणीपुस्तक असेल, तर त्यातील इंधनाची नोंद पाहा. ‘पेट्रोल’ खोडून वर ‘डिझेल’ लिहिलेले असेल, शेजारी आरटीओचा शिक्का आणि तारीख असेल, तर त्या पानाचे छायाचित्र या धाग्याखाली टाका. नाव, पत्ता आणि क्रमांक आधी झाका.