कडक म्हणजे चांगली? डोंबल!

महिन्यापूर्वी ऑफिसातल्या एका मित्राने ऑनलाइन मागवलेली नवी सुरी दाखवली. "बासष्ट एचआरसी आहे!" हे त्याने अशा थाटात सांगितलं, जणू पोरगं बोर्डात आलंय. मी विचारलं, "टेम्परिंग कसं केलंय?" तर म्हणे, "ते काय असतं?"

तर मंडळी, आजचं भांडण ह्या आकड्याशी आहे.

एचआरसी म्हणजे हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भाराने पोलादात दाबायचं आणि ते किती खोल गेलं ते मोजायचं. बस्स. दणका बसल्यावर पातं टिकेल की तुटेल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी असते. लंबकासारखा हातोडा खाच पाडलेल्या तुकड्यावर आदळतो, तीच. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी केलीये (आणि जर्नल मित्राचं बघून पूर्ण केलंय).

मला मात्र हे शहाणपण लॅबमध्ये आलं नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून सुरी करायला घेतली. ह्या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के. घासून आकार दिला, कोळशावर तापवली. ७७० अंशांच्या आसपास लोहचुंबक चिकटेनासं होतं, तिथून थोडं वर, ८३०-८५० पर्यंत न्यायचं असतं. माझ्याकडे थर्मामीटर नव्हता, उत्साह होता. चांगली पिवळीधमक होईस्तोवर तापवली आणि तेलात बुडवली. कानस लावली तर काचेवरून सरकावी तशी सरकली. काय तो आनंद! रविवार संपत आला होता, म्हटलं टेम्परिंग पुढच्या शनिवारी करू. बुधवारी सुरी ओट्यावरून फरशीवर पडली. दोन तुकडे. आतून बायकोने विचारलं, "बशी फुटली का रे?"

झटकन थंड केल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो स्फटिकात अडकून बसतो. म्हणून पातं कडक होतं, आणि म्हणूनच ठिसूळही. टेम्परिंग म्हणजे तेच पातं त्याच दिवशी २०० अंशांना दोन-दोन तास, दोनदा ठेवायचं. घरचा ओव्हन चालतो. अडकलेला थोडा कार्बन बारीक कार्बाइड होऊन बाहेर येतो, ताण उतरतो. कडकपणा साठच्या आसपास असतो तो ५७-५८ वर येतो. हे दोन-तीन अंक आपण मुद्दाम देऊन टाकतो आणि बदल्यात सहजी न तुटणारी सुरी घेतो. सौदा वाईट आहे?

माझी दुसरी चूक तुटलेल्या तोंडावर दिसत होती. जाड साखरेसारखे कण! जास्त तापवलं की कण वाढतात आणि चिवटपणा जातो. हे एचआरसीच्या आकड्यात दिसतच नाही. एकाच आकड्याच्या दोन सुऱ्या, एक वर्षानुवर्षं चालेल, दुसरी फरशीवर फुटेल.

तुम्ही म्हणाल, मऊ सुरी काय चाटायचीये? मान्य, धार वळते. नुसते माशाचे पातळ काप काढायचे असतील तर बासष्ट घ्याच. पण हाडं, नारळ फोडणाऱ्या कोयत्याला तो आकडा लावू नका.

गावाकडचा लोहार काय करतो बघा. कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवतो. मग पाठीतली धग धारेकडे येऊ देतो, घासून उजळलेल्या पोलादावर आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढताना बघतो आणि हव्या त्या रंगाला पुन्हा बुडवतो. हे टेम्परिंगच! आपण त्याला 'अंदाजपंचे' म्हणतो आणि बॉक्सवरच्या आकड्याला सायन्स.

पुढच्या वेळी कोणी एचआरसी तोंडावर फेकला तर विचारा, टेम्परिंग किती अंशांना, किती वेळ, आणि सुरीने करणार काय?

असो. त्या मित्राने परवा फ्रीझरमधलं चिकन त्या सुरीने फोडलं. धारेचा टवका उडाला. टवका अजून सापडलेला नाही. चिकन सगळ्यांनी खाल्लं.