काढ्याचे पाणी

थंडी पडू लागली की आमच्या साताऱ्याच्या घरी काढ्याचे पातेले चढते. शार्ङ्गधराचा हिशेब आईला तोंडपाठ : एक भाग औषधी, सोळा भाग पाणी, आटवून आठवा भाग राखायचा. चोथा आणि पातेल्याची विसळण ती परसातल्या पेरूच्या बुंध्याशी ओतते. पेरूची अजून तक्रार नाही.

गेल्या भाऊबीजेला सांगलीस धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. कौतुकाने काढ्याची बाटली पुढे केली, तर ती हसून म्हणाली, "दादा, एवढा त्रास कशाला घेतलास? तुम्ही सातारकर नदीत जे सोडता, ते कृष्णामाई आम्हांला घरपोच आणून देतेच की!"

थट्टाच ती, पण परतीच्या एस.टी.त मनाला लागून राहिली. माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन कृष्णा सांगलीला जाते, आणि सांगली तिचेच पाणी गाळून पिते.

मी मराठीचा मास्तर; रसांशी माझा संबंध नवरसांपुरता. तेव्हा कॉलेजातल्या रसायनाच्या सहकाऱ्यांना गाठले. ते म्हणाले, "घरच्या पातेल्याचे सोडा. औषधांच्या कारखान्यात मुळ्या-साली धुतलेले पाणी, कढयांची विसळण, आसवारिष्टांचा गाळ, सारे एकत्र येते. हिरड्या-बेहड्यांतल्या तुरट द्रव्याने ते तपकिरी होते."

"पण औषधाचेच ना ते पाणी?" मी म्हणालो.

"नदीतल्या जीवाणूंना ती मेजवानी! ती खाताना ते पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे विषाने नव्हे, गुदमरून मरतात."

उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. आधी चोथा गाळायचा, आंबटपणा मारायचा. मग बंद टाकीत, हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंकडून घाण पचवून घ्यायची. त्यातून निघणारा वायू जळणाला येतो. पुढच्या टाकीत हवा खेळवायची. रंग चिवट असतो. त्याला शेवटी कोळशाची गाळणी. १९७४ च्या कायद्याने असे पाणी शुद्ध केल्यावाचून सोडता येत नाही. नदीत सोडताना त्याची प्राणवायूची भूक लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावी, हा सर्वसाधारण दंडक. चीनमधल्या काढ्यांच्या कारखान्यांनाही हेच सोपस्कार करावे लागतात.

यंदा बहीण ओवाळील तेव्हा तबकात पाकीट घालीनच. पण वरच्या गावातल्या भावाने खालच्या गावातल्या बहिणीला खरी ओवाळणी घालायची ती स्वच्छ पाण्याची. काढ्याची बाटली मात्र या खेपेस घरीच ठेवावी म्हणतो!