प्रत काढली, पुढे काय?

दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा प्रचंड, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती! २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातील फायली जळताना पाहिलेल्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये.

टेंभी नाक्यापासून वागळे इस्टेटीपर्यंतच्या लहान कंपन्यांची मागणीपत्रे, दर, कबूल केलेल्या मुदती हे सारे आज ई-मेलमध्येच असते. ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. पत्रव्यवहाराला तीच शिस्त मालकांनी आपणहून का लावू नये?

वास्तविक प्रत काढणे हे अर्धेच काम. चालू सर्व्हरच्या फायली नुसत्या उचलल्या, तर डेटाबेस व त्याच्या नोंदी परस्परांशी जुळत नाहीत आणि आयत्या वेळी टपालपेट्या उघडत नाहीत. प्रतीची डिस्क सर्व्हरलाच जोडलेली असेल, तर खंडणीखोर विषाणू दोहोंना कुलूप घालतो. त्याच तळमजल्यावर असेल, तर २६ जुलै २००५ सारखा पाऊस दोहोंना बुडवतो. विम्याचा हप्ता निमूटपणे भरणारा कारखानदार दुसऱ्या जागेवरील प्रतीचा खर्च मात्र उधळपट्टी समजतो. असो. दर तिमाहीस वेगळ्या यंत्रावर सारे टपाल पुन्हा उभे करावे. त्यास किती तास लागले व किती दिवसांचे टपाल गमावले, हे दोन आकडे संचालकांनी मागावेत. ते मिळेपर्यंत बॅकअप असल्याचा दावा त्यांनी मान्य करू नये.