मुलांच्या प्रश्नाला ‘नशीब’ हे उत्तर नव्हे

मोठ्या माणसांवर आघात झाला म्हणजे सभा भरते, ठराव होतो, निवेदन जाते. त्याच आघाताने घरातील सहा-सात वर्षांचे मूल हादरते तेव्हा त्याला कोणी काही विचारीत नाही. ते दाराआडून ऐकते, मोबाईलवरील चित्रे पाहते आणि गप्प बसते. ‘त्याला काय कळते!’ असे म्हणून आपण समाधान मानतो. हे समाधान खोटे आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळ, डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले व धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. या वार्तेने सारा देश हळहळला. पण ताडकळसच्या माणसाला ती परमुलखाची वार्ता नव्हती. कोर्ट-कचेरी असो की मोठा दवाखाना, आमची वाट परभणीलाच जाते. बापाचे बोट धरून ज्या पुतळ्याला मुलाने वंदन केले, तेथेच हे घडले.

मग घरोघरी मुलांच्या मनात प्रश्न उठले असतील तर नवल काय? संविधान फुटले, आता आपले हक्क गेले काय? जो कायदा शिकत होता, त्यालाच कायद्याने का वाचविले नाही? हे प्रश्न पोरकट नव्हेत. दुसऱ्या प्रश्नापुढे तर आम्हां वकिलांनाही मान खाली घालावी लागते.

जुन्या धर्मात या प्रश्नांचे उत्तर तयार होते: नशीब, देवाची इच्छा, मागल्या जन्मीचे भोग. नवदीक्षित माता-पित्यांनो, ते उत्तर आपण दीक्षेच्या दिवशी टाकून दिले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि कारण आहे म्हणूनच त्याचे निवारण आहे, ही तथागताची शिकवण आपण स्वीकारली. ती केवळ विहारात म्हणण्यासाठी आहे काय? मुलाच्या प्रश्नापुढेच तिची खरी कसोटी लागते.

म्हणून मुलास खरे सांगावे, पण त्याच्या वयाला पेलेल एवढेच सांगावे. प्रतिकृतीला हात लागला, संविधानाला नव्हे. त्याची मूळ हस्तलिखित प्रत दिल्लीस संसदेच्या ग्रंथालयात जतन केलेली आहे, त्याची उद्देशिका मुलाच्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकात छापलेली आहे, आणि त्याचा अंमल कोणत्याही काचेच्या पेटीत कोंडलेला नाही. पुस्तक उघडून न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द त्याच्याकडून वाचून घ्यावेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. कायदा आपोआप धावून येत नाही. त्याला माणसांनी जागे करावे लागते. कोठडीत मृत्यू झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असे कायदाच सांगतो. सोमनाथच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. गुन्हा नोंदणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे, हा भेदही मुलास आजच समजू द्या. परंतु एका मातेच्या अर्जाने एवढी यंत्रणा हलते, हे त्याला अवश्य कळले पाहिजे.

आता घरातील वागणुकीविषयी. मारहाणीची चित्रे मुलांपुढे पुन्हापुन्हा लावू नका. ‘जेव, नाहीतर पोलीस येईल’ ही धमकी आजपासून बंद करा. अशा दिवसांत ती मुलाच्या काळजात घर करते. मूल रात्री दचकून उठत असेल, अंथरूण ओले करीत असेल, शाळेस जाण्यास रडत असेल, तर त्यास रागावू नका. त्यास जवळ घ्या, जेवणाखेळण्याच्या वेळा नित्याच्या ठेवा; काही आठवड्यांत भय ओसरले नाही तर डॉक्टरांस दाखवा. शाळेत जाऊन गुरुजींना भेटा व मुलांना बोलू द्या, चित्र काढू द्या, अशी विनंती करा. आणि एका माणसाच्या कृत्यासाठी अख्ख्या जातीला मुलापुढे शिव्या देऊ नका. त्याच जातीचे मूल उद्या त्याच्या शेजारी बाकावर बसणार आहे.

बाबासाहेब नऊ वर्षांचे असताना भाऊ व भाच्यांसह वडिलांना भेटण्यास निघाले आणि मसूर स्टेशनावर अडकून पडले. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावयाची. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. प्रौढ वयात त्यांनी हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवला. नऊ वर्षांचे मूल काहीच विसरत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता? मात्र त्या आठवणीतून त्यांनी सूड घडविला नाही, संविधान घडविले.

आपल्या मुलांच्या आठवणीतही १५ डिसेंबर राहणारच आहे. तिच्या सोबतीला भय राहावे की न्यायाची जिद्द, हे आज आपण त्यांच्या प्रश्नांना काय उत्तर देतो यावर ठरेल. आज रात्री मुलास जवळ बसवा, आणि आधी त्याला बोलू द्या.