आधी शिक्षक, मग रंगभवन

गुलबर्ग्यातील एका देवस्थानाच्या वार्षिक सभेस मध्यंतरी आम्ही उपस्थित होतो. देवस्थानाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण जे तेथे घडले ते थोड्याफार फरकाने बिदरपासून कारवारपर्यंत आणि कारवारपासून फोंड्यापर्यंत कोणत्याही देवस्थानाच्या सभेत घडू शकेल. विषयपत्रिकेवर ‘सांस्कृतिक भवन’ होते. भिंतीवर नकाशा टांगला होता. आसने, वातानुकूलन, मखमली पडदा, प्रकाशयोजना, खाली भोजनगृह, मागे मोटारी उभ्या करण्यास जागा, असे सारे काही त्यात होते. भवनाच्या उद्देशपत्रिकेत मुलामुलींस संगीत, नाट्य व नृत्य यांचे शिक्षण देणे हा उद्देश पहिल्या क्रमांकावर छापलेला होता. आम्ही एवढेच विचारले की, नकाशात वर्गाची खोली कोणती आणि अंदाजपत्रकात शिक्षकाचा पगार कोणत्या ओळीत आहे? खोली नव्हती, ओळही नव्हती. ‘शिक्षक काय, मिळेल कोणीतरी, आधी वास्तू तर उभी राहू द्या,’ असे उत्तर मिळाले. टाळ्या पडल्या आणि सभा चहाकडे वळली.

त्या टाळ्यांविरुद्ध हा लेख आहे.

गुलबर्गा शहरास सभागृहांचे दुर्भिक्ष आहे असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. याच शहरात जन्मलेले थोर चित्रकार एस. एम. पंडित यांच्या नावाचे रंगमंदिर येथे आहे. रंगायणासारखी सरकारी नाट्यसंस्था येथे आहे. दुर्भिक्ष आहे ते हार्मोनियमवर मुलाचे बोट धरून ‘सा’ दाखविणाऱ्याचे, आणि दाखवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा येऊन बसणाऱ्याचे. उत्सवाच्या रात्री पुण्या-मुंबईहून गवई बोलावून, त्यास शाल व श्रीफळ देऊन, पहाटेच्या गाडीने रवाना केले की आपले संगीत जगले, असे समाधान आपण वर्षानुवर्षे मानीत आलो. ऐकणाऱ्यांत गाणारा एकही उरला नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. आमच्या लहानपणी आरतीच्या वेळी टाळ धरणाऱ्या दहा जणांपैकी चार जणांस ठेका कळत असे. आता ध्वनिक्षेपकावर आरतीची तबकडी लावतात. हल्ली तबकडीही नसते, खिशातील फोनच पुरतो.

आमचा व्यवसाय वकिलीचा. तेव्हा प्रथम कायद्याचेच बोलू. हुबळीच्या लोकशिक्षण ट्रस्टचा खटला आमच्या पिढीच्या वकिलांनी विद्यार्थिदशेतच वाचलेला आहे. ‘संयुक्त कर्नाटक’ हे वृत्तपत्र चालविणाऱ्या या ट्रस्टचे म्हणणे असे होते की, वृत्तपत्राने लोकांस शिक्षण मिळते, सबब ट्रस्टचे उत्पन्न धर्मादाय मानून करमुक्त ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हे म्हणणे फेटाळले. माणसाच्या ज्ञानात ज्याने ज्याने भर पडते ते सर्व शिक्षण, असा व्यापक अर्थ कायद्यास अभिप्रेत नाही. शिक्षण म्हणजे पद्धतशीर अध्यापन, शाळेत होते तसे, असा त्या निकालाचा आशय आहे. वृत्तपत्रावर हा निकाल कठोर झाला असे कोणास वाटेल, आम्हांसही कधीकधी वाटते. परंतु जे लोक उद्देशपत्रिकेत ‘शिक्षण’ लिहितात आणि नकाशात भोजनगृह काढतात, त्यांच्यासाठी तो अगदी योग्य आहे. वर्षातून चार संगीत मैफली आणि चाळीस लग्ने जेथे होतात ते विद्यालय नव्हे, मंगल कार्यालय होय. मंगल कार्यालय चालविणे हे पाप नाही. त्यास विद्यालय म्हणणे हे मात्र खोटे निवेदन आहे.

सभेत आणखी एक सूचना हलक्या आवाजात आली होती. भवनातील वर्ग ‘आपल्या’ मुलांपुरते असावेत, बाहेरच्यांस प्रवेश दिल्यास शिस्त राहणार नाही, अशी ती सूचना. तिचे उत्तरही कायद्यात आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने घातलेली अट अशी होती की, त्या कायद्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट जर एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या वा जातीच्या हितासाठी असेल, तर त्याला कराची सवलत नाही. म्हणजे सरकारची सवलत सर्वांच्या नावाने घ्यावयाची आणि दार स्वतःपुरते उघडावयाचे, ही सोय कायदेकर्त्यांनी तेव्हाच बंद केली होती. पण कायदा बाजूस ठेवला तरी ही सूचना आम्हांस दुसऱ्या कारणाने अधिक झोंबली, आणि ते कारण या मासिकाच्या वाचकांस स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्या देवळांतील संगीत कोणी सांभाळले? केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर ही नावे आपण सभा-संमेलनांतून अभिमानाने घेतो. ही सर्व माणसे देवळाशी सेवेच्या नात्याने बांधलेल्या घराण्यांतून आली. ज्या कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गायनसेवा केली, त्यांस त्या देवळात महाजनकीचा हक्क नव्हता, मतही नव्हते. सेवा त्यांची, मान आमचा, अशी ती वाटणी होती. पुढे कायद्याने देवदासीची प्रथा बंद केली. मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली. प्रथा गेली हे उत्तमच झाले. तिच्यातील अन्यायाविषयी शोक करण्यासारखे काही नाही. परंतु प्रथेबरोबर देवळातील गाण्याची शाळाही गेली. तिच्या जागी देवस्थानांनी दुसरी शाळा काढणे हे त्यांच्यावरील ऋण होते. अनेक ठिकाणी ते ऋण अद्याप फिटलेले नाही. आणि ज्यांच्या आज्यांनी आपणांस संगीत दिले त्यांच्या नातवंडांस ‘बाहेरची’ म्हणून वर्गाच्या दाराशी अडविण्याची भाषा आजही सभेत निघते! केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. आमच्या सभामंडपाचा उंबरा मात्र त्याहून दुस्तर दिसतो.

आता कोणी म्हणेल, टीका सोपी आहे. शिक्षकास पगार देऊन अशी शाळा चालल्याचे एक उदाहरण दाखवा. उदाहरण दूरचे नाही. गदग येथे जाऊन वीरेश्वर पुण्याश्रम पाहून यावे. पंचाक्षरी गवई स्वतः अंध. हानगलच्या कुमारस्वामींच्या आश्रयाने ते शिकले आणि नंतर अंध, अनाथ, निर्धन मुलांस गोळा करून गाणे शिकवीत गावोगाव हिंडले. त्यांच्या विद्येचे छप्पर प्रथम झाडाचे होते, कधी मठाच्या ओसरीचे. मुलांस जेवण, वस्त्र आणि विद्या तिन्ही विनामूल्य. पैसा कोठून आणावयाचा? त्यांनी नाटक मंडळी काढली. शिष्यच नट आणि शिष्यच वादक. प्रयोगाच्या उत्पन्नावर आश्रम जगला. म्हणजे तेथे रंगभूमी शाळेसाठी राबली, शाळा रंगभूमीच्या शोभेसाठी नव्हती. १९४४ साली पंचाक्षरी गवई वारले तेव्हा त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, तेही अंधच, यांनी तो भार घेतला आणि २०१० साली देहावसान होईपर्यंत वाहिला. भाविक त्यांचे तुलाभार करीत, आणि पारड्यात पडलेले धन आश्रमाच्या मुलांच्या ताटात जाई. बसवराज राजगुरू त्याच परंपरेत तयार झाले. आपल्या शेजारच्या रायचूरकडील सिद्धराम जंबलदिन्नीही तेथलेच. दोन अंध पुरुषांनी जे केले ते करण्यास आपल्या समितीतील डोळस गृहस्थांस वातानुकूलन आधी लागते, याचे आम्हांस नवल वाटते.

उलट बाजूचे उदाहरण त्याहून बोधप्रद आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर संगीताची शाळा उभी करणे हे त्या काळी मोठेच धाडस होते. १९०८ साली ते मुंबईस आले. तेथे विद्यालयासाठी मोठी इमारत बांधली, कर्ज झाले, आणि शेवटी ती इमारत लिलावात गेली. पलुस्करांच्या भक्तांस हा प्रसंग आठवणे आवडत नाही, पण आम्ही तो मुद्दाम आठवतो. इमारत गेली तेव्हा काय उरले? विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर उरले. देवधरांनी १९२५ साली मुंबईत आपले विद्यालय काढले, विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात. गुरूच्या निधनाच्या वर्षीच, १९३१ साली, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, आणि त्याच्या परीक्षांस आज आपल्या तालुक्याच्या गावांतूनही मुले बसतात. चुना-विटांत घातलेला पैसा सावकाराने नेला. माणसांत घातलेला नेता आला नाही.

मोठ्या वास्तूंचे पुढे काय होते हे गोमंतकातील वाचकांस आम्ही सांगावयास नको. कला अकादमी १९७० साली स्थापन झाली. चार्ल्स कोरियांनी तिची सुंदर वास्तू रचली. नूतनीकरण चालू असता जुलै २०२३ मध्ये तेथील खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. त्यानंतर आम्ही जे काही वाचले त्यात छत होते, ठेकेदार होता, निविदा होती; तेथे शिकणाऱ्या मुलांविषयी मात्र क्वचित एखादी ओळ. वास्तू मोठी झाली की बोलणेही वास्तूचेच होते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. देणगीदार दगडासाठी देतो, पगारासाठी देत नाही. दगडावर त्याच्या वडिलांचे नाव कोरता येते. पगार तर महिनाअखेर संपतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यास दोष देऊन भागणार नाही. पण नाव पगारावरही कोरता येते. समजा, दोन शिक्षकांस दरमहा २५,००० रुपये द्यावयाचे ठरले. वर्षास सहा लाख झाले. शेकडा सात व्याज धरले तर सुमारे ८६ लाखांचा निधी हे काम कायमचे करील. मुद्दलास हात लावू नये अशी अट ट्रस्टच्या लेखात घालावी, आणि शिक्षकाच्या पदास देणगीदाराच्या मातापित्यांचे नाव द्यावे. कित्येक कोटींच्या भवनापुढे ही रक्कम लहान आहे. भवनास दरवर्षी वीज, झाडलोट आणि डागडुजी लागेल ते निराळेच. ‘लग्नाच्या भाड्यातून शाळा चालेल’ असे जे म्हणतात त्यांनी एवढेच सांगावे की, मार्गशीर्षातील तिथीस वर्ग आणि वऱ्हाड एकाच संध्याकाळी आले तर कोणास परत पाठविणार? उत्तर सर्वांस ठाऊक आहे.

जागेची अडचण तर मुळीच नाही. दुपारचा नैवेद्य झाल्यापासून सांजवातीपर्यंत आमच्या बहुतेक देवळांचे सभामंडप रिकामे असतात. गोव्यात जत्रेच्या नाटकाची तालीम गावकरी महिना महिना देवळाच्या परिसरातच करीत आले. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर सारे त्यात पात्रे होतात. आमच्या हुमनाबादजवळ माणिकनगरास माणिकप्रभूंच्या संस्थानात दत्तजयंतीच्या दरबारात गायन-वादनाची परंपरा आजही आहे. १८६५ साली समाधिस्थ झालेल्या माणिकप्रभूंनी स्वतः मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे केली, आणि भाविकांनी ती भाषा न विचारता म्हटली. हे आम्ही अशासाठी सांगतो की, सभेत कोणी ‘कानडी शिक्षक चालेल काय?’ असाही प्रश्न केला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापासून आम्हां मराठी माणसांस हा प्रश्न पडू लागला असावा, कारण त्यापूर्वी तो पडल्याचे दिसत नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले आणि त्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले, असा तर मराठी रंगभूमीचा जन्मच आहे. शाकुंतल करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातले. सवाई गंधर्व कुंदगोळचे. षड्‌ज कोणत्या भाषेत लावावा, हे त्यांपैकी कोणी विचारले नाही.

पुढील सभेसाठी आम्ही लेखी ठराव दिला आहे. भवनाचे काम पाच वर्षे स्थगित ठेवावे. जमलेल्या निधीतून अध्यापन-निधी वेगळा काढावा. एक गायनाचा व एक तबल्याचा शिक्षक नेमून सोमवार ते शनिवार, सायंकाळी चार ते सहा, सभामंडपात वर्ग सुरू करावा. प्रवेशास जात, भाषा वा शुल्क यांची अट नसावी. पाच वर्षांनी वर्गात शंभर मुले असतील तर आम्ही स्वतः भवनाच्या वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरू. ठरावास अनुमोदन देण्यास आतापर्यंत एकच सही मिळाली आहे. ती देवळाच्या वृद्ध पेटीवादकांची असून, समितीच्या नियमाप्रमाणे ते सभासद नसल्याने ग्राह्य धरता येत नाही, असे चिटणीसांनी आम्हांस कळविले आहे.